जास्तीची नळी

हॉस्पिटलात तिला सगळे मुंगीताई म्हणत. रक्त काढणारा जो तो पेशंटला सांगतो, "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटेल." सांगतात मुंगी आणि चावते गांधीलमाशी! हिच्या हाताखाली मात्र खरोखरच मुंगी चावायची, तीही काळी. नाव पडलं ते कायमचंच. मोठे डॉक्टरसुद्धा फोनवर बिनदिक्कत विचारायचे, "मुंगीताई आहेत का ड्युटीवर? मग पाठवतो."

तिची खोली तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी. खिडकी मागच्या पार्किंगकडे उघडणारी. मध्ये एक खुर्ची, हात ठेवायला आडवी फळी असलेली. फळीचं रेक्झिन फाटलं होतं तिथे तिने चिकटपट्टी लावून ठेवलेली. टेबलावर नळ्यांचं स्टँड. जांभळ्या बुचाच्या, लाल बुचाच्या, निळ्या बुचाच्या नळ्या ओळीने उभ्या. बाहेर बाकावर माणसं हातातले कागद चुरगाळत बसलेली.

आता खरं सांगायचं तर बाई तशी साधी, पण एका बाबतीत तिचं नाक भलतंच वर. एकच टोच! दुसऱ्यांदा टोचायची वेळ आपल्यावर येत नाही, याचा तिला केवढा तोरा. नवीन पोरी शीर शोधत पेशंटच्या हाताची चाळणी करायला लागल्या की ही नुसती मागे जाऊन उभी राहायची. पोरींना घाम फुटायचा. मग ही म्हणायची, "सरका." दोन बोटं फिरवायची, आणि झालं.

त्या एका टोचेपायी तिने स्वतःची एक पद्धत पाडून घेतली होती. कुणाचंही रक्त काढलं की एक नळी जास्तीची भरून ठेवायची. वरून लॅबचा फोन आला, रक्त गोठलं, कमी पडलं, सांडलं, तर पेशंटला परत बोलवा, परत टोचा ही भानगडच नको. स्टँडच्या मागच्या रांगेत संध्याकाळपर्यंत त्या जास्तीच्या नळ्या असायच्या. लागल्या नाहीत की फेकून द्यायच्या. असं करू नये, असं तिला एक-दोघांनी सुचवलं होतं. "राहू दे हो," ती म्हणायची, "पेशंटचे आशीर्वाद मिळतात."

आणि मिळतही होते, उगाच कशाला खोटं बोला.

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांशी तिची ओळख हॉस्पिटलातली नव्हे. तिथे ती पेशंट होती आणि मास्तर डॉक्टर, असं म्हणायला हरकत नाही. नवऱ्याची बदली दुसऱ्या गावी झालेली, सासूबाईंचे गुडघे गेलेले. चाळिशी उलटल्यावर बाईला गाडी शिकणं भाग पडलं. टायरच्या दुकानाला लागून मास्तरांचा ड्रायव्हिंग क्लास होता. अर्ध्या गावाच्या हातात स्टिअरिंग त्यांनी दिलेलं. उंच माणूस, आवाज खणखणीत, आणि गाडीत त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक.

पहिल्याच आठवड्यात चौकात एक सायकलवाला आडवा आला. गाडी कच्चकन थांबली. मुंगीताईची स्वारी खूश. म्हणाली, "जमलं की मला, मास्तर!"

"जमलं?" मास्तर म्हणाले. "तुमचा पाय कुठंय बघा जरा."

तिने खाली बघितलं. पाय अॅक्सिलरेटरवर होता.

मग मास्तरांनी तिला झापलं. आणि मास्तरांचं झापणं म्हणजे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. काचा खाली असतील तर रस्त्यावरची माणसं थांबून ऐकायची. आजोबा-पणजोबांपासून सगळ्यांचा उद्धार व्हायचा, फक्त एक वाईट शब्द म्हणून यायचा नाही. पण गंमत अशी की झापून झालं की मास्तरांच्या लेखी विषय संपलेला असायचा. पुढच्या वळणावर ते "चहा घ्यायचा का?" म्हणून विचारायचे. ज्याला झापलं त्याला उलट हलकं वाटायचं.

एकदा रिव्हर्स घेताना तिने एका उभ्या गाडीला घासलं. बारीकसा ओरखडा. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिने हळूच गिअर टाकला, तर गाडी हलेना. मास्तरांचा पाय ब्रेकवर.

"घासलं की थांबायचं," ते म्हणाले. "उतरायचं, बघायचं. मालक कोण ते शोधायचं आणि त्याच्या तोंडावर सांगायचं. हे जमत नसेल त्याने बसने फिरावं."

मालक म्हणजे समोरच्या दुकानातला चष्मे विकणारा निघाला. मुंगीताई त्याच्यापुढे ततपप करत उभी, आणि मास्तर शेजारी उभे राहून आकाशाकडे बघत होते. तिच्या वतीने एक शब्द म्हणून बोलले नाहीत. तेव्हा तिला त्यांचा असा राग आला होता म्हणून सांगू!

मास्तरांना फिट आली तीही गाडीतच. शेजारी शिकाऊ मुलगी स्टिअरिंगवर होती. शरीर आखडलं तसा पाय त्या जादा ब्रेकवर दाबला गेला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली, म्हणून पोरगी वाचली. डोक्यात गाठ निघाली. साधी नव्हे, वाईट जातीची. ऑपरेशन झालं, किरण दिले, गोळ्या सुरू झाल्या. मास्तर उठून बसले, बोलायला लागले, नर्सना झापायला लागले. गाडी मात्र सुटली.

या माणसाला दोनच गोष्टींची भीती. एक, हँडब्रेक न लावता उतरणारी माणसं आणि दुसरी, सुई. सुई बघितली की एवढा मोठा गडी पांढराफटक पडायचा. म्हणून दर वेळी रक्त द्यायला ते मुंगीताईकडेच. खुर्चीत बसून भिंतीकडे तोंड करायचे आणि म्हणायचे, "एकच हं, बाई. तुमचं नाव ऐकून आलोय."

असं बरंच चाललं. मग एका स्कॅनमध्ये जुन्या जागी एक पांढरट डाग दिसला. गाठ परत आली म्हणावी तर तसाच दिसतो, आणि किरणांनी भाजलेल्या जागेची सूज म्हणावी तर तीही तशीच दिसते. नुसत्या चित्रावरून सांगायचं कुणी? उघडून बघा म्हणणं सोपं, पण डोकं म्हणजे काही बोनेट नव्हे.

मेंदूच्या डॉक्टरांनी मास्तरांना आणि वहिनींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, समोर बसवून समजावलं. गाठ जिवंत असली की तिच्या पेशी मरत राहतात, आणि त्यांचा बारीक चुरा रक्तात येतो. त्या चुऱ्यावर गाठीचीच खूण असते. मेंदूच्या दारावर पहारा कडक, त्यामुळे बाहेर येतो तो अगदी नखभर. पण पहिल्या ऑपरेशनच्या आधी मास्तरांच्या रक्तात ती खूण सापडली होती, आणि नंतर नाहीशी झाली होती. म्हणजे यांची गाठ चुरा बाहेर टाकणारी. "मणक्यातलं पाणी काढलं तर आणखी नक्की कळेल," डॉक्टर म्हणाले.

"पाठीत सुई?" मास्तर खुर्चीतून उठलेच. "त्यापेक्षा मी घरी जातो."

"मग रक्त तरी द्या. नुसत्या रक्तावर मी काही ठरवणार नाही. पण तुमची तब्येत बरी आहे, आणि रक्तही स्वच्छ आलं, तर घाई न करता पुढच्या स्कॅनपर्यंत थांबता येईल. खूण सापडली तर थांबायचं नाही."

त्या दिवशी सकाळी गोळ्यांच्या नेहमीच्या तपासणीसाठी मास्तर मुंगीताईकडे एकदा टोचून घेऊन गेले होते. डॉक्टरांकडून परतले तेव्हा जेवणाची सुट्टीही होऊन गेली होती. ते खुर्चीत बसले खरे, पण तोंड वाकडं करून.

"एकदा झालं होतं ना, बाई?"

"हे वेगळं, मास्तर. याची नळी वेगळी आहे. एकदाच टोचते, परत नाही. शब्द देते."

शब्द देते! कुणी सांगितलं होतं शब्द द्यायला?

या तपासणीची नळी मोठी होती, आत तळाशी औषध. वरच्या लॅबमधली चष्मेवाली पोरगी, जी या चुऱ्यातल्या खुणा शोधायचं काम करायची, तिने नळ्या देताना घाईघाईत सांगितलं होतं: खुणेपर्यंत पूर्ण भरा, हळूच उलटीपालटी करा, फ्रीजमध्ये ठेवू नका. का ते तिने सांगितलं नाही, आणि हिने विचारलं नाही. हिला कोण शिकवणार?

गोळ्यांनी मास्तरांच्या शिरा सुतळीसारख्या झाल्या होत्या. सुई लागली, रक्त आलं, नळी निम्मी भरली आणि शीर मिटली. मुंगीताईने पट्टा सैल केला, घट्ट केला, मूठ मिटायला लावली. थेंब येईना. मास्तरांच्या कपाळावर घाम. डोळे घट्ट मिटलेले.

"झालं ना?" त्यांनी विचारलं.

दुसरा हात पुढे करा, एवढंच म्हणायचं होतं. तीन-चार शब्द. ते तिच्या तोंडातून निघाले नाहीत.

"झालं," ती म्हणाली.

मास्तर गेले. निम्मी नळी टेबलावर. आणि स्टँडच्या मागच्या रांगेत सकाळची जास्तीची, जांभळ्या बुचाची नळी उभी होती, त्यांचीच. त्यांचंच रक्त, त्याच हातातलं, त्याच दिवशीचं. मग फरक तो काय? तिने सिरिंजने जास्तीच्या नळीतलं रक्त ओढलं आणि मोठ्या नळीत सोडलं. नळी खुणेपर्यंत भरली. फक्त एक गोष्ट. हे करताना तिने दाराकडे पाठ केली होती. का केली, हे तिने स्वतःला पुढे शंभरदा विचारलं.

रिपोर्ट आला. खूण सापडली नाही.

वहिनी धावतच आल्या तिच्या खोलीत. बाकावरच्या सगळ्यांसमोर मुंगीताईचे दोन्ही हात धरून रडल्या. मास्तर मागे उभे राहून म्हणत होते, "अगं, तिचे हात सोड, बाईंना कामं आहेत." पण त्यांचेही डोळे भरलेले. डॉक्टरांनी थांबायचं ठरवलं. पुढचा स्कॅन काही आठवड्यांनी. मुंगीताईने घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुझ्या हाताला यश आहे गं बाई." ती खुलली. त्या संध्याकाळी तिने आरशात स्वतःकडे बघून केस जरा नीट केले, इतकी खुलली.

त्यानंतर काही दिवसांनी चष्मेवाली पोरगी दोन नवीन नर्सना घेऊन खाली आली, त्या मोठ्या नळीबद्दल शिकवायला. मुंगीताई कोपऱ्यात सुया आवरत होती. एका नर्सने विचारलं, "पण साधी जांभळी नळी का नाही चालत?"

"कारण रक्त बाहेर आलं म्हणून गप्प बसत नाही," चष्मेवाली म्हणाली. "साध्या नळीत ते तासन्‌तास पडून राहिलं की त्यातल्या चांगल्या पांढऱ्या पेशी फुटायला लागतात. त्यांचाही चुरा पडतो. बघ, वाटीभर तांदळात एक खडा असला तर निवडून सापडेल. त्यात पोतंभर तांदूळ ओतले तर? खडा आहेच. पण मी म्हणणार, सापडला नाही. या नळीतलं औषध पेशी फुटू देत नाही, म्हणून ही नळी."

हातातला सुयांचा ट्रे मुंगीताईने खाली ठेवला.

पोतं तिने ओतलं होतं. स्वतःच्या हाताने, दाराकडे पाठ करून.

सांगायचं ना मग तिथल्या तिथे? चष्मेवाली समोर उभी होती. पण माणसाचं मन मोठं वकील असतं बघा. मनात म्हणाली, थोडंसंच तर घातलं. मनात म्हणाली, खूण नसेलच कदाचित, उगाच त्यांचा आनंद कशाला घालवा. स्कॅन तर होणारच आहे पुढे. आणि सगळ्यात खाली, तळाला, एक वेगळीच गोष्ट होती, आणि ती तिला पक्की ठाऊक होती. सांगितलं तर एका टोचेची मुंगीताई संपली.

दिवस जात राहिले. वहिनींचा फोन वाजला की ती तो वाजू द्यायची. मास्तर गोळ्यांच्या तपासणीला येणार कळल्यावर तिने ड्युटी बदलून घेतली. सासूबाई शेंगा निवडता निवडता तिच्याकडे बघत राहायच्या.

"काय गं, कुणाचं काय घेऊन बसलीयेस?"

"काही नाही, आई."

"काही नाही म्हणणारीचं तोंड असं नसतं. मला गुडघे नाहीत, डोळे आहेत."

शेवटी वहिनींनी हॉस्पिटलातच गाठलं. मास्तर परत क्लास सुरू करताहेत, गाडीवर नाही, नुसतं बसून नियम शिकवणार. पहिल्या दिवशी तुम्ही यायलाच पाहिजे, तुमच्यामुळे तर हा दिवस! कारण सुचेना. जावं लागलं.

टायरच्या दुकानाशेजारची तीच खोली. टेबलावर रंगवलेला रस्ता, त्यावर खेळण्यातल्या गाड्या. समोर एक निवृत्त गृहस्थ, दोन बायका आणि घरी केक करून विकणारी एक केकवाली. मास्तरांनी नवा शर्ट घातला होता. मुंगीताईला बघून म्हणाले, "या, या! ही बघा आमची जुनी विद्यार्थिनी. अॅक्सिलरेटर दाबून गाडी थांबवणारी जगातली एकमेव बाई."

सगळे हसले. तीही हसली.

"तर तीन पेडल," मास्तर सांगू लागले. "उजव्या पायाखाली अॅक्सिलरेटर आणि ब्रेक. डाव्या पायाखाली असतो तो..." ते थांबले. डावा पाय हवेत दाबून बघितला. "तो हा... याला म्हणतात..." पाय परत दाबला. "अरे, हा नाही का आपला..."

खोली वाट बघत होती. आयुष्यभर ज्याने तो शब्द दिवसातून शंभरदा ओरडून सांगितला, त्याला तो सापडेना.

"क्लच," केकवाली हळूच म्हणाली.

"क्लच! शाबास. मी बघत होतो, कुणी अभ्यास केलाय का." मास्तर हसले, सगळे हसले, वहिनी तर पोट धरून हसल्या. मुंगीताई मात्र हसायची थांबली. बोलण्याची जागा आणि तो डाग एकाच बाजूला आहेत, हे तिने फाईलवर वाचलेलं होतं.

आणि मास्तर पुढे काय सांगू लागले? "आता पहिला नियम. घासलं की थांबायचं. उतरायचं, बघायचं, मालक शोधायचा आणि त्याच्या तोंडावर सांगायचं. विचारा या बाईंना, चष्म्याच्या दुकानदारापुढे कशा उभ्या होत्या!"

शिकायला आलेले गेले. वहिनी कप आवरत होत्या. मुंगीताई जागची हलली नव्हती.

"मास्तर," ती म्हणाली, "मी घासली."

"परत? कुणाची?"

"तुमची."

मग तिने सगळं सांगितलं. निम्मी नळी, जास्तीची नळी, तांदूळ आणि खडा. काही गाळलं नाही. दाराकडे पाठ केली होती, तेही सांगितलं.

वहिनींच्या हातात कप तसाच राहिला. "म्हणजे? रिपोर्ट खोटा?"

"खोटा म्हणजे, वहिनी, त्यातून काही कळतच नाही. स्वच्छ आहे म्हणता येत नाही."

"तुम्हाला कधी कळलं हे?"

मुंगीताईने मान खाली घातली. "बरेच दिवस झाले."

"बरेच दिवस? आणि तुम्ही माझा फोन वाजू देत होतात?" वहिनींचा आवाज चढला. "मी तुमचे हात धरून रडले हो! त्या दिवसापासून मी देवापुढे आधी तुमच्यासाठी हात जोडते, मग यांच्यासाठी!"

मुंगीताईने उभं राहून ऐकून घेतलं.

मास्तर खेळण्यातल्या गाड्या एकेक करून डब्यात ठेवत होते. शेवटची गाडी ठेवली, झाकण लावलं. त्यांचा चेहरा सुई बघितल्यावर व्हायचा तसा झाला होता.

"उद्या सकाळी येतो," ते म्हणाले. "काढा परत. लागेल तितकं टोचा." मग जरा थांबून, "आणि ऐका बाई. तुम्हाला मी झापणार आहे. असं झापणार आहे की तुमच्या सासूबाईंना घरी ऐकू जाईल. पण आज नाही. आज मला शब्द नीट सापडत नाहीयेत. सगळं उरकू दे, मग निवांत."

"हो मास्तर," ती म्हणाली. तिला तेवढ्यानेही धरायला काहीतरी मिळाल्यासारखं झालं.

त्याच दिवशी ती डॉक्टरांकडे गेली आणि वर लॅबमध्येही. चष्मेवाली ऐकता ऐकता खाली बसली. म्हणाली, "चांगल्या पेशींचा चुरा नेहमीपेक्षा जास्त निघाला होता. मला दिसलं होतं. गोळ्यांमुळे असेल म्हणून मी सोडून दिलं." कुणाचं ओझं कुणी घेतलं नाही.

सकाळी मास्तर आले. पहिली शीर लागली नाही. मुंगीताईने आयुष्यात पहिल्यांदा पेशंटच्या दुसऱ्या हाताला पट्टा बांधला. मास्तर भिंतीकडे बघत राहिले. नळी खुणेपर्यंत भरली.

खूण सापडली. पुसट नव्हे, चांगली ठळक. ताबडतोब केलेल्या स्कॅनमध्ये डाग वाढलेला. ऑपरेशन झालं, ठरल्यापेक्षा बराच वेळ चाललं. डॉक्टर बाहेर आल्यावर मुंगीताईने त्यांना जिन्यात गाठून विचारलं, "आधी केलं असतं तर?" डॉक्टर टोपी काढत म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित एवढंच कापावं लागलं असतं. कदाचित कमी." ते खरंच सांगता येत नव्हतं. आणि तेच तर तिच्या वाट्याला आलं. कुणी म्हणालं असतं तुझ्यामुळेच झालं, तर तिने ते पदरात घेतलं असतं. कुणी म्हणालं असतं तुझा काही संबंध नाही, तर ती घरी जाऊन झोपली असती.

मास्तर जगले. चालायला लागले. शब्द मात्र गेले. समजायचं सगळं, डोळ्यांत दिसायचं. पण तोंडातून यायचं फक्त "हो", "नको" आणि "चहा". तेही कुठे काय येईल याचा नेम नाही.

हॉस्पिटलने तिला बरेच दिवस नळ्यांपासून लांब ठेवलं, मग परत शिकवून आणलं. जास्तीची नळी भरायची नाही, असा कागद आता भिंतीवर लागला आहे. तो तिने स्वतः लावला, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी मारून. आणि खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला ती आधीच सांगते, "एकदा टोचते. नाही मिळालं तर परत टोचावं लागेल." काही माणसं तोंड वाकडं करतात. करू देत.

मास्तरांची खूण बघायला अधूनमधून रक्त लागतं. पहिल्या वेळी वहिनींनी त्यांना रक्त काढणाऱ्या दुसऱ्या बाईंकडे नेलं होतं. मास्तर "नको, नको" करत तिथून उठले आणि मुंगीताईच्या खोलीत येऊन बसले. वहिनी बाहेर बाकावर बसल्या. आत येत नाहीत. एकदाच दारात उभ्या राहून बोलल्या.

"तुम्ही वाट बघताय, मला कळतं," त्या म्हणाल्या. "ते तुम्हाला काय बोलणार होते, मला सांगितलं नाही त्यांनी. आता मी माझ्या मनाचं त्यांच्या नावावर सांगणार नाही."

काल मास्तर आले होते. मुंगीताईने पट्टा बांधला, नेहमीचं वाक्य म्हटलं, सुई घातली. रक्त आलं नाही. शीर जवळच होती, तिला बोटाखाली लागत होती. सुई आतल्या आत जरा फिरवली तर सापडेल, असं वाटलं. सवयीचा हात! फिरवायला लागली आणि तिची नजर खाली गेली. खुर्चीखाली मास्तरांचा पाय फरशीवर दाबलेला होता. जोर लावून, टाच उचलून, जादा ब्रेक असायचा तिथे.

तिने सुई बाहेर काढली. कापूस दाबला.

"थांबले, मास्तर. थांबले."

मास्तरांनी भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. भुवया जवळ आल्या, मान ताठ झाली, छातीत हवा भरली. अगदी तस्सं, काचा खाली असताना व्हायचं तसं. मुंगीताई हातातली रिकामी नळी धरून उभी राहिली. बाहेर बाकावर कुरकुर सुरू झाली होती. ती हलली नाही. बोला मास्तर, ती मनात म्हणत होती, काय वाटेल ते बोला, माझ्या आजोबा-पणजोबांपासून सुरू करा.

मास्तरांचे ओठ हलले. गळ्याची शीर फुगली.

"चहा," ते म्हणाले.

हवा होता तो शब्द हा नव्हता, हे त्यांनाही कळलं. त्यांनी फळीवर जोरात हात आपटला. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी परत तोंड उघडलं, परत मिटलं.

"हो मास्तर," मुंगीताई म्हणाली. "हे झालं की घेऊ." आणि तिने त्यांचा दुसरा हात फळीवर ठेवला.